‘पित्त झाले’ म्हणून गप्प बसू नका

आपल्या मराठी बोलण्यात ‘पित्त’ या शब्दाला फार राबावे लागते. डोके ठणकले की पित्त. अंगावर गांधी उठल्या की पित्त. छातीत जळजळले, आंबट ढेकर आला, मळमळले, जागरण झाले, चहा जास्त झाला, तरी पित्तच. माणूस रागावला तर त्याचेही पित्तच खवळते. ग्वाल्हेरात आपली मराठी घरे किती पिढ्यांपासून हिंदी मुलखात नांदत आहेत, पण हा शब्द आपण सोडला नाही. शब्द जुना आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते हा शब्द उच्चारल्यावर आपण जे करतो त्याच्याशी. ‘पित्त झाले आहे’ असे घरातली बाई म्हणते, चिमूटभर सोडा पाण्यातून घेते, वर थोडे आले चघळते आणि पुन्हा गोठ्यात जाते. घरातल्या कोणालाही त्यापुढे काही विचारावेसे वाटत नाही. पित्तच तर आहे!

माझे म्हणणे असे की या मुलखात, म्हणजे ग्वाल्हेर-चंबळच्या भागात, हे वाक्य इतक्या सहजपणे ऐकून सोडून देणे परवडणारे नाही. ते का, हे समजण्यासाठी खरे पित्त म्हणजे काय, ते कोठे तयार होते आणि काय काम करते, हे आधी पाहू.

छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते, ते पित्त नव्हे. ते जठरातले आम्ल. अन्न पचवण्यासाठी जठर ते स्वतःच तयार करते. पित्तरस ही अगदी निराळी वस्तू आहे. तो यकृतात तयार होतो, रंगाने हिरवट-पिवळा, चवीला कडूजहर, आणि आम्ल तर नाहीच, उलट किंचित क्षारधर्मी असतो. रिकाम्या पोटी उलट्या होऊन शेवटी जे पिवळे कडू पाणी पडते, त्यात हा खरा पित्तरस असतो. आयुर्वेदातले वात-पित्त-कफ यांतले पित्त ही याहून पुष्कळ व्यापक कल्पना आहे. ग्रीक वैद्यही शरीरात चार रस मानीत, आणि त्यांपैकी पिवळे पित्त आणि काळे पित्त असे दोन रस पित्ताचेच होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे सारे वाचावे लागते. पण पोट दुखणाऱ्या माणसाला त्या चर्चेचा उपयोग नाही. त्याच्यासाठी पित्त म्हणजे यकृतातला रस, आणि पित्ताशय म्हणजे तो साठवणारी पिशवी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

ज्याने घरी कोंबडी साफ केली आहे त्याला ही पिशवी दाखवावी लागत नाही. काळजाला चिकटलेली ती हिरवी थैली फुटू नये म्हणून आपल्या आया-बहिणी किती जपतात! एक थेंब सांडला तरी सबंध रस्सा कडू होतो. शेळी, मेंढी, डुक्कर, गाय, म्हैस या सर्वांना ती असते. गाईबैलांच्या पित्ताशयात कधी कधी जे खडे सापडतात त्यालाच आपण गोरोचन म्हणतो, आणि सोन्याच्या भावाने विकले जाते ते हेच. घोड्याला मात्र ही पिशवी नसते. शिंद्यांच्या घोडदळाने एवढा मुलूख तुडवला, पण त्यातल्या एकाही घोड्याला पित्ताशय नव्हते. घोडा दिवसभर थोडे थोडे चरत राहतो, म्हणून त्याचा पित्तरसही आतड्यात सारखा ठिबकत राहतो, साठवण लागत नाही. घोड्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडेल.

माणसाचे यकृत वजनाने साधारण सव्वा ते दीड किलोचे. ते दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. विहिरीचा झरा रात्रंदिवस पाझरत असतो, पण पिकाला पाणी आपण पाळी आली की देतो, मधल्या वेळात ते हौदात साठते. पित्ताशय हा असा हौद आहे. लांबी ७ ते १० सेंटिमीटर, आकार नासपतीसारखा, आणि त्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. मग अर्धा लिटर रस एवढ्याशा पिशवीत बसतो कसा? पिशवीचे अस्तर रसातले पाणी शोषून घेते आणि रस पाचपट-दहापट दाट होतो. उसाचा रस आटवून काकवी करावी तसे हे. फक्त येथे जाळ लागत नाही.

आपण तूप-तेलाचा घास खातो. तो जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचला की तिथली भिंत रक्तात एक संदेश सोडते. कोलेसिस्टोकायनिन असे लांबलचक नाव त्या द्रव्याला १९२८ साली देण्यात आले. ते पित्ताशयापर्यंत पोहोचते, पिशवी आकसते, नळीच्या तोंडाशी असलेली झडप सैल होते, आणि दाट पित्त आतड्यात उतरते. हौदाची चावी फिरवावी आणि पाणी पाटात यावे, तसे. तेथे ते करते काय? तेलकट पातेले नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावला की तेलाचे बारीक बारीक कण होऊन सुटते. पित्तातले क्षार हेच साबणाचे काम करतात. ते चरबी स्वतः पचवीत नाहीत, तिचे कण करून देतात, आणि मग स्वादुपिंडाचे पाचकरस त्यांवर काम करू शकतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीतूनच शरीरात जातात, म्हणून पित्त नसेल तर तीही जात नाहीत.

आणि निर्मात्याची काटकसर पाहा. काम झाल्यावर हे क्षार वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून त्यांतले शेकडा ९५ पुन्हा रक्तात शोषले जाऊन यकृताकडे परत येतात, आणि दिवसातून कित्येक वेळा ही फेरी होते. पाटातून वाहून गेलेले पाणी पुन्हा विहिरीत आणण्याची विद्या आपल्याला अजून साधलेली नाही.

पित्ताकडे आणखी एक काम आहे, कचरा बाहेर नेण्याचे. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की पिवळे रंगद्रव्य उरते, आणि यकृत ते पित्तात टाकून देते. शौचाला जो रंग असतो तो त्याचाच. आता नळीत काही अडकले, रस्ता बंद झाला, तर हा रंग आतड्यात उतरणार नाही. शौचाला शाडूच्या मातीसारखे पांढुरके होईल, रंग रक्तात तुंबेल, डोळे पिवळे दिसतील, लघवी चहासारखी काळपट होईल, अंगाला खाज सुटेल. हीही कावीळच. पण घाणेरड्या पाण्यातून येते ती ही नव्हे. आपल्याकडे मात्र कावीळ म्हटली की माळ घालणे, हातावर चुन्याचे पाणी उतरवणे, नाकात झाडपाला पिळणे सुरू होते. नळीत अडकलेला खडा माळेने हलत नाही. ताप, थंडी आणि पिवळे डोळे ही तिन्ही एकत्र दिसली तर उजाडण्याचीही वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा, कारण तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले म्हणजे ते विष रक्तात भिनायला फार वेळ लागत नाही.

आता खड्यांकडे येऊ. काकवी फार आटली आणि बरेच दिवस हलवली नाही तर तळाशी साखरेचे खडे धरतात. पित्तातही कोलेस्टेरॉल विरघळलेले असते. ते प्रमाणाबाहेर झाले आणि पिशवी बराच वेळ रिकामी झाली नाही, तर त्याचे कण जमून खडा बनतो. उत्तर भारतात बहुतेक खडे या जातीचे असतात, दक्षिणेत रंगद्रव्याचे खडे त्या मानाने जास्त. १९६८ साली डॉ. मल्होत्रा यांनी रेल्वे कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उत्तरेकडील कामगारांना हा विकार दक्षिणेकडील कामगारांपेक्षा सुमारे सातपट अधिक आढळला. नोकरी तीच, पगार तोच, मुलूख मात्र वेगळा.

पुरुषांपेक्षा स्त्रियांना खडे अधिक होतात. गरोदरपणात पित्त दाट होते आणि पिशवी सुस्तावते, म्हणून जितकी बाळंतपणे अधिक तितकी शक्यता अधिक. वय, लठ्ठपणा, मधुमेह, आईला किंवा बहिणीला खडे असणे, ही आणखी कारणे. झपाट्याने वजन उतरवणे हेही एक कारण. आणि एक कारण असे आहे की ज्याबद्दल धर्मगुरू म्हणून मला बोललेच पाहिजे: पोट फार वेळ रिकामे ठेवणे.

आपल्या शेतकरी घरातल्या बाईचा दिवस पाहा. पहाटे पाचला उठून म्हशींच्या धारा, शेण, झाडलोट. एक कप चहा. मग मुलांचे डबे, मग रान. पहिला घास पोटात जातो तो बारा-एक वाजता. रात्री सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर नऊ वाजता ती जेवते, उरलेल्यातले. म्हणजे रात्री नऊ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, पंधरा तास तिचे पित्त हौदात आटत पडलेले असते. हा उपवास ख्रिस्तसभेने सांगितलेला नाही. ख्रिस्तसभेने उपवास सांगितले आहेत ते वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे ठेवून. आजारी आणि गरोदर स्त्रियांना त्यातूनही सूट आहे. कोणी प्रायश्चित्तकाळात त्याहून अधिक करीत असेल तर त्यामागची भक्ती मी जाणतो. परंतु जी बाई वर्षाचे ३६५ दिवस दुपारपर्यंत उपाशी राबते, तिने प्रायश्चित्तकाळात आणखी एक जेवण सोडावे असे मला मुळीच वाटत नाही. तिने सकाळी आठच्या आत एक भाकरी खावी. घरच्या पुरुषांनी प्रायश्चित्त म्हणून ती तिच्या हातात द्यावी.

बहुतेक खडे मुके असतात. माणूस जन्मभर ते बाळगतो आणि त्याला कळतही नाही. पण खडा पिशवीच्या तोंडाशी येऊन बसला की जे दुखते ते एकदा ऐकून घ्या, कारण ‘पित्त’ या शब्दाखाली दडते ते हेच दुखणे. ते बेंबीच्या वर, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली येते. पुष्कळदा लग्नातले, सणाचे तेला-तुपाचे जेवण झाल्यावर, किंवा मध्यरात्री. ते पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते. अर्धा तास ते चार-पाच तास टिकते, उलटी होते, कोणत्याही कुशीवर बरे वाटत नाही. आणि मग आपोआप थांबते. या थांबण्यातच फसगत आहे. मधल्या वेळात घेतलेल्या सोड्याला, ओव्याला, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीला श्रेय मिळते. पुढच्या वेळी तीच गोळी. असे दोन-दोन, चार-चार वर्षे चालते.

अशी फसगत आजची नाही आणि अडाण्यांचीच होते असेही नाही. आपल्या मराठी मिशनांशी ज्या येशूसंघाचा एवढा जुना संबंध, त्याचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांना कित्येक वर्षे पोटाच्या वेदना होत्या. रोममधले वैद्य जठराचा विकार समजून उपचार करीत राहिले. ३१ जुलै १५५६ रोजी संत वारले, आणि रेआल्दो कोलोम्बो या त्या काळच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने त्यांच्या देहाची तपासणी केली, तेव्हा मूत्रपिंडांत, यकृतात, इतकेच नव्हे तर यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतही खडे मिळाले. कोलोम्बोच्या १५५९ साली छापलेल्या ग्रंथात ही नोंद आहे. त्या वैद्यांपाशी पोटाच्या आत पाहण्याचे साधन नव्हते. आपल्यापाशी आहे. सोनोग्राफी म्हणतात तिला. सुई नाही, किरण नाहीत, उपाशी पोटी जाऊन दहा-पंधरा मिनिटे आडवे पडायचे, आणि पित्ताशयातला खडा बहुतेक दिसतोच.

तरीही आपण जात नाही. त्याचे कारण सांगतो आणि ते काहींना आवडणार नाही. आपण दुखणे सोसण्याला पुण्य समजतो, विशेषतः ते बायकोचे दुखणे असेल तर. ‘आपला क्रूस आहे, फादर’ असे घरोघरी ऐकू येते. म्हशीने एक वेळ चारा सोडला तर त्याच दिवशी ढोरांचा डॉक्टर येतो, आणि घरधनीण सहा महिने रात्रीबेरात्री पोट धरून बसते तिला सोनोग्राफीला नेण्यासाठी मोहरीची कापणी संपायची असते. प्रभूने क्रूस उचलायला सांगितले आहे हे खरे. पण त्याच्याकडे दुखणेकरी आले तेव्हा त्याने एकालाही ‘सोसत राहा’ म्हणून परत पाठवल्याचे शुभवर्तमानात कोठे आढळत नाही. बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली बाई गर्दीतून वाट काढीत आली आणि तिने त्याच्या वस्त्राला हात लावला. ती गप्प घरी बसली नाही, आणि प्रभूने तिच्या विश्वासाची वाखाणणी केली. टाळता येण्यासारखे दुखणे लपवणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे, असे मी स्पष्ट लिहितो आणि मिस्सेतल्या प्रवचनातही सांगतो.

आणि इथे ही गोष्ट केवळ वेदनेपुरती राहत नाही. जगात पित्ताशयाचा कर्करोग एकंदरीत दुर्मिळ. पण काही मुलुखांत तो फार आढळतो. दक्षिण अमेरिकेतला चिली हा एक, आणि गंगा-यमुनेच्या खोऱ्यातला उत्तर भारत हा दुसरा. चंबळ यमुनेलाच मिळते. आपण त्या पट्ट्याच्या कडेलाच राहतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटीहून अधिक होतो. या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांच्या पित्ताशयात खडे असतात. याचा अर्थ उलटा लावून घाबरू नका, खडे असलेल्यांपैकी फारच थोड्यांना कर्करोग होतो. पण तो आतल्या आत, यकृताला लागून वाढतो, आणि कळून येतो तेव्हा पुष्कळदा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. भूक मरणे, वजन घटणे, दुखणे कायमचे होणे, कावीळ, ही उशिराची लक्षणे आहेत. म्हणून आमच्या भागात ‘पित्त’ ऐकले की मला हायसे वाटत नाही.

हा रोग इथेच का, याची कारणे अजून सगळी उलगडलेली नाहीत. एक धागा विषमज्वराचा आहे. टायफॉइड बरा झाल्यावरही शेकड्यातल्या दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात त्याचे जंतू मुक्काम ठोकतात, खड्यांवर शेवाळासारखा थर धरून. त्या माणसाला काही होत नाही, पण त्याच्या शौचावाटे जंतू बाहेर पडत राहतात. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच स्वतः धडधाकट राहून घरोघर टायफॉइड वाटीत गेली. १९१५ सालापासून १९३८ साली वारेपर्यंत तिला अलग ठेवावे लागले. अशा जुन्या जंतुवाहकांत पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते. तेव्हा स्वच्छ पाणी हा पित्ताशयाचाही प्रश्न आहे. स्वर्णरेखेतून आणि मुरार नदीतून शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे वाहत आले आहे. त्या पाण्यावर पालक, मुळा, कोथिंबीर पिकवणाऱ्यांनी निदान कच्ची खाल्ली जाणारी भाजी त्यावर घेऊ नये. बाजारात गेली की ती कोणाच्या पानात पडते हे आपल्याला दिसत नाही म्हणून ते पाप लहान होत नाही.

दुसरी शंका आपल्या मोहरीच्या रानातली आहे. पिवळा धोतरा, ज्याला इथले लोक सत्यानाशी म्हणतात, तो काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा, मोडला की पिवळा चीक येणारा. त्याचे बी मोहरीसारखेच काळे व बारीक. ते मोहरीबरोबर घाण्यात गेले तर तेलात विष उतरते. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली आणि हजारोंचे पाय सुजले. हे पक्के सिद्ध आहे. पित्ताशयाच्या कर्करोगातही या भेसळीचा हात असावा असा काही संशोधकांचा संशय आहे, सिद्ध झालेले नाही. सिद्ध होईपर्यंत थांबायचे कशाला? मोहरी फुलात असतानाच बांधावरचा आणि रानातला पिवळा धोतरा बी धरण्याआधी उपटून काढावा. हातमोजे घालावे, काटे फार लागतात.

आता उपायांविषयी, कारण यातही पुष्कळ घोटाळा आहे. कुळथाचे कढण, पाषाणभेद, पानफुटी, जवाचे पाणी, हे आपल्याकडे मुतखड्यावर देतात. बारीक मुतखडा भरपूर पाण्याबरोबर लघवीवाटे पडून जातो हे खरे. पण पित्ताशयाचा आणि लघवीचा रस्ता एक नाही. पित्ताचा खडा लघवीतून कसा पडेल? आणि कढणाने तो सरकलाच तर नळीत जाऊन अडकण्याचे भय. सकाळी लिंबाचा रस आणि वाटीभर तेल पिऊन ‘खडे पाडणारे’ही गावोगाव भेटतात. दुसऱ्या दिवशी शौचात हिरव्या मऊ गोळ्या दिसतात, त्या खड्यांच्या नव्हेत, पोटात त्याच तेलाच्या झालेल्या साबणाच्या असतात. रोहू-कटल्याचे कच्चे पित्त गिळणे हा आणखी एक घातकी उपाय. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. तोबिताच्या पुस्तकात रफाएल देवदूताच्या सांगण्यावरून माशाचे पित्त म्हाताऱ्या तोबिताच्या डोळ्यांना लावले आणि त्याला दिसू लागले, हे आपण वाचतो आणि मानतो. पण तेथे औषध सांगायला देवदूत होता, आणि त्यानेही ते प्यायला सांगितले नव्हते!

मुका खडा योगायोगाने सापडला तर लगेच शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. खड्याचा आकार, पिशवीच्या भिंतीची जाडी, घरातला पूर्वीचा आजार हे पाहून डॉक्टर ठरवतील. मात्र दुखू लागलेला खडा असेल तर पिशवी काढणे हाच खरा उपाय आहे. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे करते. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा ही पिशवी काढली. १९९० साली मुंबईत डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून ती काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. आज चार बारीक छिद्रांतून होणारे हे काम आहे, आणि बहुतेकजण एक-दोन दिवसांत घरी येतात. पोप संत जॉन पॉल दुसरे यांचे पित्ताशय १९९२ सालच्या १५ जुलैलाच, आतड्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेत, खडे असल्यामुळे काढण्यात आले. त्यानंतर बारा वर्षांहून अधिक काळ ते जगभर फिरत राहिले. पिशवीवाचून कसे चालेल, असे विचारणाऱ्यांनी तो घोडा आठवावा. झरा चालूच राहतो, फक्त हौद नसतो. काहींना सुरुवातीला शौचाला पातळ होते; थोडे थोडे, पण वेळेवर खावे.

खर्चाची भीती असेल तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा. २०१८ सालापासूनच्या त्या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यात ही शस्त्रक्रिया आहे. गजरा राजा मेडिकल कॉलेजला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आपल्या शहरातच आहे. तेथे गर्दी असते, रांग असते, पण मोहरी विकायला मंडईत आपण रात्र काढतोच की नाही? ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर कागद घेऊन माझ्याकडे यावे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर खडे दाखवतात. पुष्कळ जण ते बाटलीत घालून घरी आणतात, देवळीत ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात. हौस असेल तर खुशाल आणा. पण काढलेल्या पिशवीचे काय झाले, हे त्याहून आधी विचारा. ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली पाहिजे, कारण डोळ्यांना साध्या दिसणाऱ्या पिशवीत कर्करोगाची सुरुवात कधी कधी तेथेच सापडते, आणि त्या वेळी सापडली तर पुढचा उपचार होऊ शकतो. हा अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो. तोवर टाके निघालेले असतात, दुखायचे थांबलेले असते, आणि तो आणायला कोणी जात नाही. ज्या दिवशी टाके काढायला जाल, त्याच दिवशी तो मागा, आला नसेल तर कधी येईल ते लिहून घ्या, आणि तो हातात पडल्यावर डॉक्टरांना वाचायला लावा.